टोपीखालचे डोळे

पत्र : "मी खानापूर तालुक्यातील एका खेड्यात राहते आणि प्राथमिक शाळेत शिकवते. येत्या मार्गशीर्षात आमच्या आज्जांचे सहस्रचंद्रदर्शन आहे. त्यानिमित्ताने आज्जा आणि आज्जी यांचे चांगले फोटो मीच काढावेत, अशी माझी इच्छा आहे. दिवाळीत दोघांना मलप्रभा नदीच्या घाटावर नेऊन मोबाइलवर पन्नासेक फोटो काढले, पण एकही मनासारखा आला नाही. आज्जांचे डोळे टोपीखाली काळे दिसतात. आज्जी उन्हाने डोळे बारीक करते. मोबाइलने तिचा चेहरा इतका गोरा आणि गुळगुळीत केला, की कपाळावरचे गोंदणसुद्धा पुसले गेले. कॅमेरा समोर धरला की आज्जा ताठ होतात, आणि आज्जी, जिचे माहेर कन्नड बोलणाऱ्या बैलहोंगलकडचे आहे, 'साकु, साकु' (पुरे, पुरे) म्हणत पदर तोंडावर घेते. मामेभाऊ त्याचा १८-५५ लेन्सचा डीएसएलआर कॅमेरा देणार आहे. त्यासाठी पोर्ट्रेटची वेगळी लेन्स घ्यावी का? आणि फोटोसाठी दोघांना कुठे न्यावे? आमच्या घराला उत्तरेकडे तोंड असलेला सोपा (ओसरी) आहे, पुढे अंगण, मागे परसू आणि खळे आहे."

उत्तर :

ताई, सप्रेम नमस्कार.

सोप्याचा उल्लेख तुम्ही पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता केला आहे. माझ्या दृष्टीने मात्र तुमच्या निम्म्याहून अधिक प्रश्नांचे उत्तर त्या सोप्यातच आहे. आज्जा-आज्जींना कुठेही नेऊ नका. फोटो काढायचा म्हटले, की आपण आधी एखादी शोभिवंत जागा निवडतो, माणसाला तिथे उभे करतो आणि त्या वेळी तिथे जो उजेड असेल तो मुकाट्याने पत्करतो. हा क्रम उलटा करायला हवा. चेहऱ्यावर चांगला उजेड कुठे पडतो ते आधी शोधायचे, माणसाला तिथे बसवायचे आणि मागे काय दिसते याचा विचार त्यानंतर करायचा. नदी, देऊळ, किल्ला यांचे फोटो केव्हाही काढता येतात. आज्जांचा फोटो आज्जांच्या चेहऱ्यासाठी काढायचा आहे.

घाटावरचे फोटो किती वाजता काढले ते तुम्ही लिहिलेले नाही, तरी तुमच्या वर्णनावरून ते अकरा ते तीनच्या दरम्यानचे असावेत, असे वाटते. सूर्य प्रत्यक्षात अफाट मोठा असला, तरी आपल्याला तो आकाशात जेमतेम अर्ध्या अंशाएवढा दिसतो, आणि उजेडाचा उगम जितका लहान दिसतो तितकी त्याची सावली धारदार पडते. असा लहानसा प्रखर दिवा डोक्यावर असला, की कपाळ, नाकाचा शेंडा आणि गालांची हाडे झळाळतात, पण भुवयांखालच्या खोबणीत उजेड शिरतच नाही. वयोमानाने डोळे आत गेलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर तर तिथे दोन काळे डाग तेवढे उरतात. म्हणून यात टोपीचा काही अपराध नाही. गांधी टोपीला सावली धरणारी कड नसते. डोळ्यांवर पडते ती भुवयांची सावली. टोपीमुळे होणारी अडचण निराळी आहे, तिच्याकडे पुढे येतो.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. आमच्या घरात भिंतीवर वडिलांचा जो फोटो आहे, तो मीच काढलेला आहे. मे महिन्याचा पहिला आठवडा होता, घरच्या लग्नाचा मांडव होता, आणि अक्षता पडल्यानंतर भर बारा-साडेबाराला मी त्यांना मांडवाबाहेर उन्हात बोलावले, कारण तिथे 'भरपूर उजेड' होता. बेळगाव साधारण १५.८५ अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीला मध्यान्हीचा सूर्य आपल्या अगदी डोक्यावर येतो. फोटोसाठी त्याहून वाईट वेळ वर्षभरात शोधून सापडणार नाही. वडील गेले तेव्हा त्यांचा एकट्याचा तेवढा एकच फोटो निघाला. तो मोठा करून लावला. त्यात त्यांची टोपी आहे, मिशा आहेत, लग्नासाठी घेतलेले नवे उपरणे आहे, पण डोळे नाहीत. मी रोज तो फोटो पाहतो, म्हणून तुमच्या पत्रातले 'डोळे काळे दिसतात' हे तीन शब्द वाचून उत्तर लगेच लिहायला घेतले.

आता उजेड ओळखायची एक सोपी रीत सांगतो. अंगणात भर उन्हात उभ्या राहा, हात पुढे लांब करा आणि मूठ वळून बोटांच्या पेरांकडे पाहा. पेरांच्या खाली काळ्या, कापल्यासारख्या सावल्या दिसतील. मूठ तशीच धरून सोप्याकडे चालत या. वरच्या कौलांची सावली जिथे सुरू होते ती रेघ ओलांडून दोन पावले आत आलात, की मुठीवरच्या त्या सावल्या एकदम विरघळतात. पेरे गोल दिसू लागतात, नखांवर उजेडाचा मऊ पट्टा येतो, हातावरच्या शिरासुद्धा स्पष्ट दिसतात. तिथेच उभ्या राहून स्वतःभोवती हळूहळू गोल फिरा. अंगणाकडे तोंड असताना मूठ उजळ दिसेल, आतल्या भिंतीकडे वळलात की मंद होईल, आणि मधल्या एखाद्या ठिकाणी मुठीची एक बाजू उजळ आणि दुसरी किंचित गडद दिसेल. या मधल्या जागेची दिशा लक्षात ठेवा. चेहरा तिकडे वळवायचा आहे. मुठीच्या जागी चेहरा येणार आहे एवढाच फरक. बेळगावच्या खडेबाजारात असा किंवा शेतातल्या आंब्याखाली असा, ही परीक्षा कुठेही चालते आणि तिला अर्धा मिनिट लागतो.

सोप्यात असे का घडते, ते समजून घेतलेत तर पुढे कोणत्याही घरी तुमचे अडणार नाही. सोप्यावर छप्पर असल्यामुळे वरून येणारा उजेड तुटतो, म्हणजे भुवयांची सावली पाडणारे कारणच नाहीसे होते. समोरून मात्र अंगणावरचे सगळे मोकळे आकाश दिसत असते, आणि ते आकाश हाच तुमचा दिवा. अर्ध्या अंशाच्या सूर्याच्या जागी एवढा प्रचंड दिवा मिळाला, की सावल्या मऊ होणारच. विजेचे दिवे नव्हते तेव्हा चित्रकार आणि फोटोग्राफर आपल्या कामाच्या जागेला उत्तरेकडे मोठ्या काचा बसवून घेत, ते याचसाठी. तुमचा सोपा उत्तरेकडे तोंड करून आहे, हे तुमचे भाग्य. मार्गशीर्षात सूर्य दिवसभर दक्षिणेच्या बाजूने फिरतो आणि मध्यान्हीसुद्धा सुमारे ५१ अंशांपलीकडे चढत नाही, त्यामुळे त्या दिवसांत तुमच्या सोप्यात सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऊन येणार नाही. ही गोष्ट बारा महिने खरी नसते. मेपासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत मध्यान्हीचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो, आणि चैत्र-वैशाखात सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊनही उत्तरेच्या दारातून आत डोकावते. 'उत्तरेचा उजेड नेहमी चांगला' हे थंड देशांत लिहिलेले वाक्य आपल्याकडे पंचांग पाहून वापरावे लागते. ज्यांचा सोपा पूर्वेकडे आहे त्यांनी दुपारनंतर आणि पश्चिमेकडे आहे त्यांनी सकाळी फोटो काढावा. दक्षिणेकडे सोपा असेल, तर मार्गशीर्षात ऊन थेट उंबऱ्यापर्यंत येते. अशांनी मागच्या दाराच्या पायरीवर बसवावे.

बसवताना लोक एक चूक हमखास करतात. सावली पाहिजे म्हणून माणसाला सोप्याच्या पार आत, भिंतीला टेकवून बसवतात. तिथे उजेड फार कमी पोहोचतो, मोबाइल तो भरून काढायला धडपडतो आणि चेहरा दाणेदार, मळकट येतो. पाट किंवा स्टूल सावलीच्या रेघेपासून आत दोन-तीन फुटांवर, म्हणजे जवळजवळ सोप्याच्या काठावर ठेवा. स्टूल असलेले बरे, कारण खुर्चीत माणूस मागे रेलतो आणि खांदे वर येतात. आज्जांना सरळ समोर न बसवता थोडे तिरके बसवा आणि चेहरा तेवढा अंगणाकडे वळवायला सांगा. मग जवळ जाऊन त्यांच्या डोळ्यांत पाहा. बुबुळाच्या वरच्या भागात आकाशाचा एक पांढरा तुकडा चमकताना दिसायला हवा. तो दिसत नसेल तर हनुवटी किंचित उचलायला सांगा, किंवा स्टूल वीतभर पुढे घ्या. हा ठिपका अगदी लहान असतो, पण फोटोतला माणूस आपल्याकडे पाहतो आहे असे वाटते ते त्याच्यामुळे. आज्जा चष्मा लावत असतील, तर तो काढायला लावू नका, कारण ज्या माणसाला आपण चष्म्यातच ओळखतो तो चष्म्याविना परका दिसतो. काड्या कानांवर किंचित उचलून बसवा, म्हणजे काचा थोड्या खाली झुकतात आणि आकाशाचे प्रतिबिंब निघून जाते.

उजेड नुसता सरळ येत नाही, आजूबाजूच्या वस्तूंवरून उसळून त्यांचा रंग घेऊनही येतो, आणि आपल्या भागात याकडे विशेष लक्ष द्यावे लागते. खानापूरकडची माती तांबडी आहे. उन्हातल्या तांबड्या अंगणातून उसळलेला उजेड हनुवटीखाली आणि गालांवर हलका केशरी येतो. सावळ्या चेहऱ्याला तो बहुधा छानच दिसतो, त्यामुळे त्याला घाबरू नका. सोप्याची भिंत कमरेपर्यंत हिरव्या ऑइलपेंटने रंगवलेली असेल, तर मात्र आज्जींना तिच्याजवळ बसवू नका. भिंतीकडचा गाल आजारी माणसासारखा दिसतो आणि फोटो काढताना ते ध्यानात येत नाही. दाट झाडाखाली हिरवा रंग असाच चढतो. आठवडी बाजारात निळ्या ताडपत्रीखाली बसलेल्या भाजीवालीचा फोटो काढून पाहा, तिच्या चेहऱ्याबरोबर कोथिंबीरही निळसर आलेली असेल. यावर उत्तम उपाय म्हणजे पांढरे काहीतरी मध्ये घालणे. आज्जांचे धुतलेले पांढरे धोतर किंवा थर्मोकोलचा मोठा तक्ता भावाला छातीच्या उंचीवर, चेहऱ्याच्या गडद बाजूला, कॅमेऱ्यात येणार नाही इतक्या जवळ धरायला सांगा. त्या बाजूची सावली स्वच्छ उजळते. हा पांढरा तक्ता खाली जमिनीवर मात्र ठेवू नका, खालून येणारा उजेड कोणाच्याही चेहऱ्याला भेसूर करतो.

पार्श्वभूमीसाठी तुम्हाला फारसे काही करावे लागणार नाही. काठावर बसलेल्या माणसामागे माजघराच्या दाराचा काळोख येईल अशी तुमची स्वतःची जागा धरा. तिथला उजेड इतका कमी असतो, की ती जागा फोटोत आपोआप गडद होते आणि चेहरा पुढे येतो. कॅलेंडर, विजेचा मीटर, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि चार्जरच्या वायरी तेवढ्या नजरेआड करा. देवादिकांचे फोटो, कंदील, भिंतीवरचे जुने घड्याळ राहू द्या, ते त्या घराचेच आहेत.

आता टोपीकडे येतो. कॅमेऱ्याला पांढरे आणि काळे कळत नाही. समोरचे सगळे दृश्य सरासरीने मध्यम करड्या रंगाचे आहे, असे गृहीत धरून तो उजेडाचे माप घेतो. आज्जांची पांढरीशुभ्र टोपी, पांढरा सदरा आणि धोतर यांनी चौकट भरली, की उजेड फार झाला असे त्याला वाटते, तो सगळे दृश्य अंधारे करतो, आणि मधला सावळा चेहरा काळवंडतो. तुमच्या घाटावरच्या फोटोंत भुवयांच्या सावलीवर ही भर पडली होती. मोबाइलवर आज्जांच्या गालावर बोट टेकवा. तिथे सूर्याचे लहान चिन्ह येते, ते बोटाने वर सरकवले की चेहरा उजळतो. डीएसएलआरवर उजेडाचे माप कमी-जास्त करणारी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन नावाची सोय असते, ती अधिक दोन-तृतीयांश किंवा अधिक एकवर न्या. उलट प्रकारही घडतो : चौकटीत माजघराचा काळोख जास्त आला तर कॅमेरा उजेड वाढवतो आणि चेहरा पांढरा फटक होतो, तेव्हा हेच माप वजा करावे लागते. म्हणून आकड्यावर विसंबू नका. काढलेला फोटो मोठा करून गाल पाहा, आणि डोळ्यांसमोर बसलेल्या आज्जांचा गाल पाहा.

लेन्स घेऊ नका. जवळ आहे त्या १८-५५ लेन्सचे ५५ हे टोक वापरा. मामेभावाच्या कॅमेऱ्यात फोटो टिपणारा भाग, म्हणजे सेन्सर, लहान असणार, त्यावर ५५ मिलिमीटर म्हणजे जुन्या फिल्म कॅमेऱ्याच्या हिशेबाने साधारण ८२ ते ८८ मिलिमीटर होतात, आणि चेहऱ्यासाठी लोक ८५ मिलिमीटरची लेन्स आवडीने वापरतात. छिद्र (लेन्समधून उजेड आत येण्याची वाट) एफ ५.६, आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) ४००, शटर (उघडझाप होण्याची वेळ) १/२०० सेकंदाच्या आसपास ठेवा. सोप्याच्या काठावर बहुधा एवढे पुरते, कमी पडले तर आयएसओ ८०० करा, पण शटर त्याहून फार मंद करू नका, कारण म्हातारी माणसे स्थिर बसली तरी बोलताना मान हलतेच. फोकसचा एकच बिंदू निवडा आणि तो कॅमेऱ्याला जवळच्या डोळ्यावर ठेवा. महत्त्वाचे आहे ते अंतर. मोबाइलची मुख्य लेन्स रुंद दृश्य टिपणारी असते. चेहरा मोठा यावा म्हणून तुम्ही दोन फुटांवर गेलात, की नाक जवळ आणि कान लांब पडल्यामुळे चेहरा पुढे ओढल्यासारखा दिसतो. सहा-सात फूट मागे सरा आणि झूम दुप्पट करा, नाक आपल्या जागी जाईल. मोबाइलमधली 'पोर्ट्रेट' सोय मागचे दृश्य हिशेबाने धूसर करते, आणि त्या हिशेबात टोपीचे टोक आणि पदराची किनार पुष्कळदा कापली जाते. मागे काळोख असताना तिची गरजच नाही.

मोबाइलमधली 'ब्यूटी' सोय मात्र आजच, हे उत्तर वाचून झाल्याबरोबर शून्यावर आणा. आज्जींचे गोंदण पुसले गेले ते तिच्यामुळे. त्वचेवरचा प्रत्येक वेगळा ठिपका हा डाग आहे आणि प्रत्येक सावळा रंग ही उणीव आहे, असे समजून ती सोय तयार केलेली आहे. आज्जींच्या कपाळावर ते गोंदण लहानपणी सुईने टोचून काढलेले असेल, कदाचित त्या दिवशी तिच्याजवळ कोण बसले होते तेही तिला आठवत असेल. तिच्या भाळावरच्या आठ्या, हातांवरच्या शिरा आणि उन्हाने रापलेला रंग हेच तुमच्या मुलांना तिच्याविषयी सांगणार आहेत. नंतर संगणकावर उजेड थोडा कमी-जास्त केला तर चालेल, पण त्वचेला हात लावू नका, आणि फ्रेम करणाऱ्यालाही तसे स्पष्ट सांगा, कारण न विचारता चेहरा 'साफ' करून देण्याची पद्धत सगळीकडे आहे.

आज्जा ताठ होतात याचे तुम्हाला वाईट वाटते. मला त्यात फोटोविषयीचा आदर दिसतो. त्यांच्या तरुणपणी फोटो म्हणजे गावाबाहेर जाऊन, धुतलेले कपडे घालून, पैसे मोजून करायचे काम होते. स्टुडिओतला पडदा, स्टूल, 'हलू नका' अशी ताकीद आणि एकच संधी. त्या ताठपणाला नावे न ठेवता आधी त्यांना हवा तसा फोटो काढा : टोपी नीट, हात गुडघ्यांवर, नजर समोर. असे चार फोटो मनापासून काढा, कारण पुढे कदाचित हाच फोटो त्यांना सर्वांत जास्त आवडेल. मग कॅमेरा खाली घ्या, 'झालं' म्हणा, आणि तिथून उठू मात्र नका. झाले म्हटल्याबरोबर माणूस सुस्कारा टाकतो, खांदे खाली येतात, हात गुडघ्यांवरून सुटून एकमेकांत जातात. त्या वेळी बोलायला लागा. 'हसा' म्हणू नका, त्याने दात दिसतात आणि डोळे तसेच राहतात. ज्याचे उत्तर द्यायला त्यांना आठवावे लागेल असे काही विचारा. पहिली बैलजोडी कोणत्या बाजारातून आणली, तिला किती मोजले, वाटेत रात्री मुक्काम कुठे पडला. माणूस आठवायला लागला की नजर थोडी दूर जाते आणि परत येते, ती परत येते तेव्हा बटण दाबा. भावाला तक्ता धरायला बसवला आहे, त्यालाच प्रश्न विचारायला सांगितलेत तर तुम्हाला फक्त पाहत बसता येईल.

आज्जींची गोष्ट वेगळी आहे. पन्नास-साठ वर्षे तुमच्या घरात मराठी बोलूनही संकोचाच्या क्षणी जिच्या तोंडून 'साकु' येते, तिच्या मनातली भाषा कोणती ते तुम्हाला माहीत आहे. आपल्या या पट्ट्यात अशा घरांची वाण नाही. तिला कॅमेऱ्यामागून 'इल्ली नोडरी' (इकडे पाहा) म्हणून हाक मारू नका, कारण ती हाक कोणत्याही भाषेत दिली तरी हुकूमच असते. बैलहोंगलची तिची बहीण, भाची, कोणीही सोहळ्याला येणार असेल, तर तिला तुमच्या शेजारी, कॅमेऱ्यापासून हातभर अंतरावर बसवा आणि दोघींना कन्नडमध्ये माहेरच्या गप्पा मारू द्या. पदर ओढून घेण्याला विरोध करू नका. डोक्यावरचा पदर चेहऱ्याभोवती नैसर्गिक चौकट धरतो, वरचा उजेड थोडा अडवतो आणि समोरचा येऊ देतो, म्हणजे सोपा जे करतो तेच पदर लहान प्रमाणात करतो. तिने पदर तोंडावर धरला तर तोही फोटो काढा. हातात काहीतरी असू द्या. तांदूळ निवडायचे सूप मांडीवर आले, की आज्जींना आपले हात कुठे ठेवावेत हा प्रश्न उरत नाही. आणि तिने खरोखरच नको म्हटले तर त्या दिवशी थांबा, दुसऱ्या दिवशी काढा.

एक फोटो मागच्या खळ्यावर घ्या, कारण सुगी नुकतीच संपलेली असेल आणि आज्जांना तिथे बरे वाटेल. मार्गशीर्षात आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. पाच वाजता तो क्षितिजापासून जेमतेम तेरा अंशांवर असतो. लांब केलेल्या हाताची मूठ साधारण दहा अंश झाकते, तेव्हा सूर्य आणि क्षितिज यांच्यामध्ये एक-दीड मूठ उरली की बाहेर या. डोळ्यांना जपा, सूर्याकडे रोखून पाहू नका. या वेळी आज्जांना सूर्याकडे पाठ करून उभे करा. टोपीच्या आणि खांद्यांच्या कडेला सोनेरी रेघ उमटते, वाऱ्यावर भुसा उडत असेल तर तोही उजळतो, आणि चेहरा सावलीत राहिल्यामुळे डोळे मिटत नाहीत. चेहरा फार गडद आला तर एक्स्पोजर अधिक एकपासून दीडपर्यंत वाढवा, धोतर समोरून धरा, आणि सूर्य थेट लेन्समध्ये येत असेल तर गवताच्या गंजीआड जाईल असे दोन पावले सरका. विषुववृत्ताजवळच्या आपल्या भागात सूर्य झपाट्याने खाली जातो, हा उजेड अर्ध्या तासाच्या वर टिकत नाही, म्हणून आज्जांना वेळेआधी तिथे बाजेवर बसवून ठेवा आणि चहा तिथेच न्या.

सगळ्या कुटुंबाचा एकत्र फोटो लागेलच. तो घराच्या सावलीत अंगणात काढा, छिद्र एफ ८ करा, आज्जा-आज्जींना मध्ये बसवून बाकीच्यांना शक्य तितके त्यांच्याच रांगेत आणा, आणि लागोपाठ दहा-बारा फोटो घ्या, कारण पंचवीस माणसांत कोणाचे ना कोणाचे डोळे मिटलेलेच असतात. फोटो छापायला देताना व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा पाठवू नका, तो लहान होऊन जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा पेन ड्राइव्हवर द्या. आठ बाय बारा इंचांच्या चांगल्या छपाईला २४०० बाय ३६०० बिंदू लागतात आणि ते आजच्या बहुतेक मोबाइलमध्ये असतात. कागद मॅट घ्या. सोप्यातल्या भिंतीवर समोरच्या आकाशाचा उजेड पडतो आणि चकचकीत कागदावर चेहऱ्याऐवजी तोच दिसत राहतो.

सोहळ्याच्या दिवशी पाहुणे, होम, जेवणावळ यांतून तुम्हाला निवांतपणा मिळणार नाही, म्हणून दोघांचे फोटो दोन दिवस आधीच काढा. त्याच्या आदल्या दिवशी, ज्या वेळी काढायचे त्याच वेळी, आज्जांच्या उंचीच्या कोणाला तरी पांढरी टोपी घालून सोप्याच्या काठावर बसवून पाहा. स्टूल पुढे-मागे सरकवा, डोळ्यांत आकाशाचा ठिपका दिसला आणि मागे माजघराचा काळोख आला, की स्टुलाच्या चारही पायांभोवती खडूने खुणा करा आणि स्वतः जिथे उभ्या आहात तिथेही एक रेघ ओढा. शाळेतला खडू तुमच्याजवळ असेलच. दुसऱ्या दिवशी आज्जा येऊन बसतील तेव्हा जागेची शोधाशोध नको आणि त्यांना 'इकडे सरका, तिकडे सरका' म्हणायला नको. एवढे झाल्यावर कॅमेरा भावाच्या हाती द्या, त्याला तुमच्या रेघेवर उभे करा आणि दोघांच्या मध्ये जाऊन बसा.